डुकरिणींचे पाय

बारावीनंतर मी टायपिंग शिकले, दोन-तीन परीक्षा दिल्या आणि वर्षभर घरी बसले. ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. कल्याणजवळच्या पूर्णा गावात आमचं दोन खोल्यांचं घर होतं, वडील पोस्टात होते. एक दिवस टायपिंगच्या सरांनी निरोप पाठवला, वडप्याच्या पुढे हायवेपासून आत एका बाईंचा डुकरांचा फार्म आहे, त्यांना नोंदी ठेवायला स्वच्छ अक्षराची मुलगी हवी आहे.

वडिलांनी निरोप ऐकला आणि पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"मेलेली ढोरं ओढायचं काम माझ्या बापाने सोडलं," ते म्हणाले. "का सोडलं? पोरं शाळेत जावीत म्हणून. आणि तू शाळा शिकून डुकरांत जाणार?"

"दादा, मी लिहायला चाललेय."

"डुकरांचंच ना लिहिणार?"

घरी बसून मी इतकी कंटाळले होते की सोमवारी सकाळी डबा घेऊन निघाले. वडिलांनी अडवलं नाही. फक्त त्या दिवसापासून त्यांनी मला कामाबद्दल एक शब्द विचारला नाही. बसची गर्दी विचारायचे, डबा संपला का विचारायचे, पण फार्मचं नाव नाही.

फार्मच्या मालकीणबाई मूळ वसईकडच्या ख्रिस्ती. नवरा वारल्यावर त्यांनी हा धंदा एकटीने चालवला होता. साठीच्या होत्या, गुडघे दुखायचे, अंगात कायम फुलाफुलांचा झगा आणि पायात गमबूट. सगळे त्यांना आंटी म्हणायचे, मीही म्हणू लागले. दुसरी महत्त्वाची व्यक्ती म्हणजे जवळच्या पाड्यावरून येणारी एक बाई. ती खाद्य कालवायची, गाळे धुवायची, डुकरीण व्यायला लागली की तिच्याजवळ बसायची. वयाने माझ्या आईएवढी, म्हणून मी तिला मावशी म्हणायचे. ती मला बाय म्हणायची.

लिहिण्याचं काम तासाभरात उरकायचं. कोणती डुकरीण नराकडे नेऊन कधी फळवली, कधी व्याली, किती पिल्लं झाली, किती जगली, एवढंच. उरलेला दिवस मी गाळ्यांच्या भिंतीशी उभी राहून काढू लागले. आधी पदर नाकाला असायचा. महिन्याभरात तो खांद्यावर गेला, आणि दोन महिन्यांनी मी मावशीशेजारी उकिडवी बसून नुकत्या जन्मलेल्या पिल्लाचं तोंड फडक्याने पुसत होते. डुकरीण घाण करते ती एका कोपऱ्यात, झोपते ती दुसऱ्या, हे मला तिथे जाऊन कळलं. पिल्लांना पाजताना ती घशातून एका लयीत आवाज काढते, आणि तो आवाज वाढला की पिल्लं समजतात की आता दूध उतरणार. मग सगळी एकदम गप्प होतात आणि ओढायला लागतात.

त्यातली एक डुकरीण माझी लाडकी झाली. पांढरी, लांब पाठीची, डावा कान मुडपलेला. मी आले की ती भिंतीवर पुढचे पाय टाकून उभी राहायची. माझ्या पहिल्या वर्षी ती अकरा पिल्लं व्याली आणि अकराच्या अकरा तिने वाढवली. बसायच्या आधी ती नाकाने पिल्लांना बाजूला सारायची, पुढचे गुडघे टेकायची, मग मागचं अंग हळूच सोडायची. मावशी म्हणायची, "बघ कशी बसते, भरल्या घरातली बाय बसते तशी."

त्या काळात डुकरिणी मातीच्या वाड्यात असायच्या. दिवसभर उकरायच्या, मुळं खायच्या, चिखलात लोळायच्या. माझं एक वर्ष झालं तेव्हा आंटींनी नवीन शेड बांधली. पक्की भिंत, पत्रे, खाली सिमेंटचा कोबा. धुवायला सोपं, जंत कमी, वाड्यातला चिखल गेला. आंटी गमबूट आपटून आम्हाला कोबा दाखवायच्या. "आता बघा, हॉस्पिटलसारखं वाटतं की नाय?" वाटत होतं खरं. डुकरिणी नव्या शेडमध्ये आल्या आणि आम्ही तिघी खूश झालो.

चार-पाच महिन्यांनी लंगडणं सुरू झालं.

आधी एक, मग दुसरी. उठताना थांबायच्या, मागचा पाय टेकवायच्या नाहीत. माझ्या मुडपलेल्या कानाच्या डुकरिणीने भिंतीवर पाय टाकणं सोडलं. मी आले की आतून आवाज द्यायची, उठायची नाही. मी तिचा पाय धुवून बघितला, तर मागच्या पायाच्या बाहेरच्या खुराला खालून वर अशी एक बारीक चीर गेली होती. बोट लावलं तर तिने पाय झटकला.

मावशी म्हणाली, "यांना माती पायजे, बाय. माती खात हुती तवा काय हुत न्हवतं."

"मावशी, मातीत जंत असतात. आंटींनी एवढा कोबा घातला तो कशासाठी?"

मला वाटलं, हिला काय कळतं.

मग ती डुकरीण व्याली. या खेपेला दहा पिल्लं झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गेले तर मावशी गाळ्यात उभी होती आणि तिच्या हातात तीन पिल्लं होती, चपटी, गार. बसताना पाय दुखायचे म्हणून डुकरिणीला गुडघे टेकून हळू बसता येत नव्हतं, ती एकदम धपकन अंग टाकायची. खाली पिल्लं असली तरी तिला थांबता येत नव्हतं. दोन दिवसांनी आणखी दोन गेली.

आंटी म्हणाल्या, "आई म्हणून ही आता बाद झाली."

"आंटी, तिच्या पायाला दुखतंय. थोडे दिवस द्या. मी बघते."

आंटींना त्या दिवशी वसईला जायचं होतं. त्यांची बहीण आजारी होती. जाताना त्या म्हणाल्या, "पंधरा दिवस मी तिथे आहे. आल्यावर बघू."

त्या पंधरा दिवसांत मी जे केलं ते आजही मला साफ आठवतं. माझी आई कोंबड्यांना शिंपल्यांचा चुरा घालायची, अंड्याचं कवच टणक व्हावं म्हणून. मी विचार केला, कवच टणक होतं, हाडं टणक होतात, मग खूरही होतील. खूर म्हणजे हाडच की. खाडीकडून एक बाई बाजारात सुकी मासळी घेऊन यायची. तिच्याकडून मी पोतंभर शिंपल्या मागवल्या, कुटून घेतल्या आणि मावशीला सांगितलं, "दर डुकरिणीच्या खाद्यात सकाळी ओंजळभर आणि संध्याकाळी ओंजळभर."

"इतका?" तिने विचारलं.

"इतकाच. हाडं मजबूत होतात."

तिने घातला. मी सांगितलं म्हणून घातला.

आंटी आल्या तेव्हा बहिणीच्या आजारपणाने थकून गेल्या होत्या. मी त्यांना शिंपल्यांचं सांगायचं राहून गेलं. लपवलं असं नाही, विषयच निघाला नाही. आणि डुकरिणींमध्ये सुधारणा दिसत नव्हती. उलट महिनाभरात त्यांच्या कानांमागे, पायांवर, पोटाखाली कातडी जाड आणि खरखरीत होऊ लागली. राखेसारखे पापुद्रे धरायचे, त्यांना भेगा पडायच्या. खाणं कमी झालं. मी काय केलं, तर मूठभर चुरा वाढवला.

मुडपलेल्या कानाची डुकरीण शेवटी आंटींनी खाटकाला विकली; ती टेम्पोत चढवली तेव्हा मी ऑफिसच्या खोलीत जाऊन बसले. ती स्वतःहून चढेना, तिला फळीवरून ढकलत नेलं. तिचा ओरडा मला ऐकू येत होता. टेम्पो हायवेला लागेपर्यंत मी वहीत उगाच रेघा मारत बसले.

तिच्या मागोमाग आणखी पाच डुकरिणी लंगडायला लागल्या, तेव्हा आंटींनी कल्याणहून एका निवृत्त पशुवैद्यांना बोलावलं. ते बसने आले, हातात कापडी पिशवी. सडपातळ, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी चहा नंतर घेईन म्हणून सांगितलं आणि पँट दुमडून थेट गाळ्यात उतरले. प्रत्येक डुकरिणीचा पाय त्यांनी धुवून बघितला. कातडीचे पापुद्रे नखाने काढले, वास घेतला, परत बघितले. कोब्यावरून हात फिरवला आणि तळवा बघितला. मग म्हणाले, "खाद्य दाखवा."

मावशीने पिंप उघडलं. भाताचा कोंडा, ढाब्यांवरचं उरलेलं, थोडी सुकट. डॉक्टरांनी ओंजळीत घेऊन पसरवलं आणि बोटाने पांढरे कण वेगळे केले.

"हे काय आहे?"

त्यांनी एक कण बोटांत चुरडून बघितला.

"शिंपल्यांचा चुरा आहे हा. किती घालता?"

आंटी माझ्याकडे नाही, मावशीकडे वळल्या. खाद्य ती कालवायची, त्यामुळे त्यांना दुसरं काही सुचलंच नसणार. "हे काय घातलं गं तू? कोणी सांगितलं तुला?"

मावशीने माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग खाली बघत उभी राहिली.

"या चुऱ्यानेच कातडी अशी झालीय," डॉक्टर म्हणाले. "खुरांचं दुखणंही यानेच वाढलं."

आंटींचा आवाज चढला. इतक्या दिवसांतली मेलेली पिल्लं, विकलेली डुकरीण, बहिणीचं आजारपण, सगळं त्यांनी त्या बाईवर काढलं. "उद्यापासून येऊ नको," असंही म्हणाल्या. मावशीने हात धुतले, कोपऱ्यातलं आपलं फडकं घेतलं आणि शेताच्या वाटेने निघून गेली. मी तिथेच उभी होते. "मी सांगितलं होतं" एवढे तीन शब्द. ते तोंडापर्यंत आले आणि तिथेच राहिले. मी शिकलेली मुलगी, मी नोंदी ठेवणारी, मी चुकले असं डॉक्टरांसमोर कसं म्हणू, असं काहीतरी ते होतं. आणि भीतीही होती. नोकरी गेली तर वडील काय म्हणतील याची.

त्या संध्याकाळी घरी मी ताटावरून उठले. आईने कपाळाला हात लावून बघितला.

दुसऱ्या दिवशी आंटी चहा घेत होत्या तेव्हाच मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आंटी, शिंपल्या मी आणल्या होत्या. इतका का म्हणून मावशीने विचारलंही होतं. मी सांगितलं म्हणून तिने घातल्या."

त्यांनी कप खाली ठेवला. "मग काल का नाय बोललीस?"

"भ्याले."

रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "जा. तिला घेऊन ये."

पाडा शेतांतून अर्ध्या तासावर होता. मावशी घरापुढे बसून सरपण फोडत होती. मी सगळं सांगितलं, मला माफ करा म्हटलं. ती ऐकत होती, कोयता चालूच होता.

"सांगितलंस त्ये बरं केलंस," ती म्हणाली. "मला म्हाईत हुतं तू सांगशील. रातभर टाइम लागंल असं न्हवतं वाटलं."

"चला ना मावशी."

"मी येन. पन तू बोलवाला आलीस म्हनून न्हाय. तिनं मला चार मानसांत बोललं. तिनंच यावं."

मी परत आले आणि घाबरत घाबरत आंटींना निरोप सांगितला. मला वाटलं, आता भडका उडणार. आंटी उठल्या, गमबूट चढवले, काठी घेतली. त्यांचे गुडघे इतके दुखायचे की शेडपर्यंत जाताना त्या दोनदा थांबायच्या. त्या बाई त्या दिवशी बांधांवरून, नांगरटीतून पाड्यापर्यंत चालत गेल्या. मी हात धरायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

पाड्यावरच्या बायका बाहेर येऊन बघत होत्या. आंटी मावशीसमोर उभ्या राहिल्या, धापा टाकत होत्या.

"चुकलं माझं. विचारलं नाय नि बोलले. चल."

मावशी आत गेली. तांब्याभर पाणी आणून तिने आंटींना दिलं. "आधी बसा," म्हणाली. "लई चाललात."

दोघी उंबऱ्यावर शेजारी शेजारी बसल्या. मग येताना मावशीने आंटींचा हात धरला आणि तो आंटींनी बाजूला केला नाही.

डॉक्टर पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. या वेळी मी वही घेऊन त्यांच्या मागे मागे होते. मी त्यांनाही सांगितलं की शिंपल्यांची कल्पना माझी.

"खूर म्हणजे हाड नव्हे," ते म्हणाले. "हे बघा." आणि त्यांनी स्वतःचं नख दाखवलं. "खूर म्हणजे हे. नख, केस, कातडी, सगळं एकाच घराण्यातलं. ते चांगलं यायला अगदी थोडं जस्त लागतं. थोडं तांबं, थोडं मँगनीज, तेही चिमटीने. मातीत उकरायच्या तेव्हा त्यांना ते थोडंफार मिळत होतं. तुम्ही कोब्यावर आणल्या, ते बंद झालं. कोंड्यात जस्त असतं पण कोंडाच ते धरून ठेवतो, अंगी लागू देत नाही. आणि वरून शिंपल्यांचा एवढा चुना पोटात गेला की जे काही थोडं जस्त मिळत होतं तेही अंगी लागेना."

"म्हणजे ती डुकरीण माझ्यामुळे गेली."

डॉक्टरांनी खाली वाकून एका डुकरिणीचा पाय सोडला, हात पुसले. "कोबा नवा आहे, कानशीसारखा खूर घासतो. ओला राहतो. खाद्य अपुरं होतं. ती लंगडत होती ते तुम्ही चुरा घालायच्या आधीपासून. तुम्ही त्यात भर घातलीत, हे खरं. पण तुम्ही तिच्यासाठी काहीतरी करत होतात. विचारून केलं असतंत तर बरं झालं असतं, एवढंच."

मावशीचं मातीबद्दलचं म्हणणंही मी त्यांना सांगितलं होतं, मग ते तिच्याकडे वळले. "माती पाहिजे असं तुम्ही म्हणाला होतात?"

मावशी लाजली. मग तिने सांगितलं की अगदी टोकाच्या गाळ्यात ती रोज वारुळाच्या बाजूची लाल मातीची ढेकळं टाकायची, आंटींच्या नकळत. तो गाळा आम्ही बघितला. तिथल्या दोन डुकरिणींच्या खुरांनाही चिरा होत्या, पण बारीक, आणि त्या लंगडत नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, नुसत्या मातीवर भागणार नाही आणि जिथे डुकरं फिरली आहेत तिथली माती तर द्यायचीच नाही, पण वारुळाची ढेकळं चालू ठेवा. आंटी म्हणाल्या, "चोरून कशाला, टोपलीने आण."

चुरा बंद झाला. कोब्यावर भाताचा पेंढा आला, रोज बदलायचा. आठवड्यातून दोनदा, खूर चिघळू नयेत म्हणून, डुकरिणींना मोरचुदाच्या पातळ निळ्या पाण्यातून चालवायचं. आणि खाद्यात घालायला कल्याणच्या जनावरांच्या औषधांच्या दुकानातून खनिजांच्या भुकटीची पिशवी आली. डॉक्टरांनी बजावलं होतं की ही मुठीने घालायची नाही, जस्त आणि तांबं जास्त झालं तर विष. किती घालायचं ते पिशवीवर बघा. पिशवीवरचं सगळं इंग्रजी. बारावीपर्यंतच्या माझ्या इंग्रजीला ते झेपेना.

रविवारी दुपारी भुकटी डब्यात ओतून मी ती रिकामी पिशवी धुवून घरी नेली आणि दाराशी उन्हात बसून डिक्शनरीत एकेक शब्द शोधू लागले. वडील आत येरझाऱ्या घालत होते. इंग्रजी हा त्यांचा अभिमान होता. रात्रशाळेत शिकून त्यांनी ते मिळवलं होतं, आणि गल्लीतल्या कोणाचाही इंग्रजी कागद ते वाचून द्यायचे. तिसऱ्या येरझारीला ते थांबले.

"काय आहे ते?"

"डुकरिणींच्या खाद्याची पिशवी आहे, दादा."

वडिलांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि ते माझ्याशेजारी जमिनीवर बसले. "आण इकडे."

त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. ओळीओळीवर बोट ठेवून अर्थ सांगितला, मी लिहून घेतला. "झिंक म्हणजे जस्त. आपली बादली असते ना, तिच्यावर चढवतात ते. हे खातात?"

"चिमूटभर. खुरांसाठी लागतं."

"आपल्यालाही लागत असेल मग."

"डॉक्टर म्हणाले, लागतं."

त्यांनी पिशवी उलटी करून पुन्हा एकदा वाचली. "किती आहेत लंगडणाऱ्या?"

वर्ष उलटून गेलं होतं मी तिथे लागल्याला. कामाबद्दलचा तो त्यांचा पहिला प्रश्न. मी पाच म्हटलं. मग मी मुडपलेल्या कानाच्या डुकरिणीबद्दल सांगितलं, शिंपल्यांबद्दल, मी गप्प राहिले त्याबद्दल, आंटी शेतातून चालत गेल्या त्याबद्दल. आंटी पाड्यावर पोचल्या तिथे मी आल्यावर वडिलांनी मान हलवली. "मोठी बाई आहे," म्हणाले. "दोघीही."

मी मावशीला जस्ताचं आणि बादलीचं सांगितलं तर ती म्हणाली, "मंग बादली घासून घालायची काय?" आम्ही दोघी खूप हसलो. पण भुकटी मिसळण्यात तिच्याएवढी हुशार मी कोणी बघितली नाही. एवढीशी भुकटी ढीगभर खाद्यात टाकली तर एका डुकरिणीला सगळी आणि दुसरीला काहीच नाही, असं होणार. ती आधी ती भुकटी वाटीभर कोंड्यात मिसळायची, मग तो कोंडा पाटीभर कोंड्यात, मग ती पाटी ढिगात. कोणी शिकवलं नव्हतं. पिठात हळद कालवतात तसं, म्हणायची.

तीन आठवड्यांत कातडी निवळली. पापुद्रे गळून खालून गुलाबी कातडी आली, आंटी तर रोज एकेकीच्या कानामागे हात घालून बघायच्या. खूर मात्र तसेच. मी डॉक्टरांना घाईने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तुमचं नख दारात सापडलं तर किती दिवसांनी नवं येतं? खुराची चीर भरून येत नाही. वरून नवा खूर उतरत येतो आणि जुना झिजून जातो. महिने लागतील."

लागले. दर शनिवारी मी आणि मावशी पाय धुवून बघायचो. केसांच्या कडेला आधी एक बारीक रेघ दिसली, आणि तिच्या वरचा खूर गुळगुळीत, चकचकीत. ती रेघ दर महिन्याला तांदळाच्या दाण्याहून थोडी जास्त खाली सरकायची. पाचांपैकी दोन डुकरिणी तोवर टिकल्या नाहीत. एकीच्या खुरात पू झाला, दुसरीचं खाणं सुटलं. त्या गेल्या. तीन राहिल्या. त्यातली एक मुडपलेल्या कानवालीचीच मुलगी होती, तिचे मात्र दोन्ही कान सरळ होते.

ती पुढच्या वर्षी व्याली तेव्हा मी आणि मावशी सकाळपासून तिच्याजवळ होतो. नऊ पिल्लं. शेवटचं आल्यावर ती उठली, पाणी प्यायली आणि परत बसायला वळली. आम्ही दोघी बघत होतो. तिने पिल्लांना नाकाने बाजूला केलं, पुढचे गुडघे टेकले, थांबली, आणि मग मागचं अंग हळूहळू खाली आणलं. मावशीने माझ्या पाठीवर एक जोरात थाप मारली, एवढी की मी पेंढ्यात हात टेकले.

फार्म आणखी सात-आठ वर्षं चालला. नव्वद सालानंतर हायवेच्या बाजूच्या जमिनींचे सौदे सुरू झाले. वडप्याला, दापोड्याला शेतांच्या जागी भराव पडू लागले, पत्र्याची उंच गोदामं उभी राहू लागली. जमीन आंटींच्या मालकीची नव्हती, भाड्याची होती. मालकाने ती विकायला काढली आणि आंटींचे गुडघे आता उठूही देत नव्हते. त्यांनी डुकरिणी खाटकाला दिल्या नाहीत. वसईच्या पलीकडे त्यांच्या नात्यातलं एक जोडपं नव्याने हा धंदा सुरू करत होतं, त्यांना सगळ्या दिल्या. मावशीला एका गोदामात माल निवडण्याचं काम मिळालं. ते तिला आवडलं नाही. दोन महिन्यांत तिने ते सोडलं आणि पाड्यावरच डुकराची दोन पिल्लं पाळली. ती आंटींनीच दिली होती.

आंटींनी मला विचारलं, "पहिले आठ दिवस त्यांच्याकडे जाऊन राहशील? खाद्य शिकव त्यांना." मी घरी सांगितलं तेव्हा वडील रिटायर झाले होते. त्यांनी पिशवीवरचा तो सगळा मजकूर स्वतःच्या अक्षरात, मराठीत, एका कागदावर उतरवून दिला. वर किती खाद्याला किती भुकटी याचा तक्ता, खाली ठळक अक्षरांत एक ओळ: जास्त घालू नये.

ते जोडपं तरुण होतं. सगळं ऐकायचं, सगळं लिहून घ्यायचं. मी त्यांना खूर धुवून कसा बघायचा ते दाखवलं, भुकटी तीन वेळा कशी मिसळायची ते दाखवलं, पेंढा ओला झाला की लगेच बदला म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी जेवताना त्या नवऱ्याने विचारलं, "अंगणात शिंपल्यांचा ढीग आहे, चुरा घालू का थोडा?"

मी हातातला घास ताटात ठेवला आणि त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. सांगायला बराच वेळ लागला. भात गार झाला. त्याच्या बायकोने तो परत गरम करून आणला, आणि मग आम्ही तिघं जेवलो.